एक बॅच, दोन नियमावल्या: स्पर्धा आणि स्वसंरक्षणासाठी जिऊ-जित्सू

पुण्यातल्या एका सोसायटीचा पहिल्या मजल्यावरचा हॉल. तिथे ब्राझिलियन जिऊ-जित्सूची, म्हणजे मुख्यतः जमिनीवर पकडून खेळायच्या झोंबीच्या खेळाची बॅच. सोमवार, बुधवार, शुक्रवार, संध्याकाळी ७ ते ८.३०. ऑक्टोबरच्या सुरुवातीला गी (जाड जॅकेट, पँट आणि पट्ट्याचा पोशाख) घालून खेळायची स्पर्धा आहे, आणि बॅचमधल्या निम्म्या लोकांना स्पर्धेशी घेणं-देणं नाही, त्यांना स्वसंरक्षण हवं आहे. वेगळ्या बॅचचं भाडं परवडत नाही. शिकवणारे दोघं, एक पर्पल बेल्ट आणि एक तालमीतून आलेला ब्लू बेल्ट (नवख्याचा व्हाइट, मग ब्लू, मग पर्पल). अशीच सरमिसळ बॅच चालवू पाहणाऱ्यांसाठी या नोंदी.

२ जून २०२५

मॅट आल्या. १ × १ मीटर, ४० मिमी जाडीच्या, दातेरी कडेच्या ईव्हीए फोमच्या ३० लाद्या. एक १,४५० रुपयांना, म्हणजे ४३,५००. टेम्पो आणि हमाली ३,२००. ५ × ६ मीटरच्या जागेत तीन जोड्या नीट लोळतात. चौथी घातली की कुणाची तरी टाच दुसऱ्याच्या डोक्यात बसते. म्हणून राउंडला तीन जोड्या खेळणार, बाकीचे भिंतीशी उभे राहून वेळ बघणार.

४० मिमी जमिनीवरच्या खेळाला पुरते, उंचावरून फेकायला पुरत नाही. खाली काँक्रीट आहे. धोबीपछाड, ढाक असे डाव पूर्ण मारायचे तर जाड क्रॅश मॅटवरच. ८ इंची जुनी मॅट ९,००० ला मिळाली. एरवी डाव उचलण्यापर्यंत न्यायचा आणि समोरच्याला हाताने खाली ठेवायचं.

११ जून

फरशी गुळगुळीत, विट्रिफाइड. पट (समोरच्याचे पाय धरून पाडण्याचा डाव) काढताना मधल्या दोन रांगा सरकल्या आणि बोटभर फट पडली. अशा फटीत पायाचं बोट अडकलं आणि अंग पुढे गेलं की बोट निखळतं. दुहेरी चिकटपट्टी लावून पाहिली. या दमट हवेत ती आठवडाभरही धरली नाही, उलट फरशीला डिंकासारखा थर राहिला आणि तो खरवडण्यात एक संध्याकाळ गेली. मग दोन बाजू भिंतीला भिडवल्या आणि उरलेल्या दोन बाजूंना सुताराकडून ३ × २ इंची लाकडाची चौकट करून घेतली, कोपऱ्याला लोखंडी एल, आतून फोमची पट्टी. ४,८०० रुपये. भिंतींना कंबरेपर्यंत जुन्या गाद्या उभ्या बांधल्या. आता मॅट हलत नाहीत.

१३ जून

सुरुवातीची चाचणी, दोन भागांत. पहिला भाग आयबीजेजेएफच्या (आंतरराष्ट्रीय ब्राझिलियन जिऊ-जित्सू महासंघाच्या) नियमांनी एक फेरी, व्हाइट बेल्टला असते तशी ५ मिनिटांची. दुसऱ्या भागात एकजण खाली, वर माउंटमध्ये, म्हणजे त्याच्या पोटा-छातीवर मांड ठोकून बसलेल्याच्या हातात १६ औंसाचे बॉक्सिंग ग्लोव्हज. वरच्याने हलके पण न थांबता फटके मारायचे. खालच्याने ६० सेकंदांत सुटायचं, उभं राहायचं आणि दाराला हात लावायचा. ग्लोव्हजच्या तीन जोड्या, ७,२०० रुपये.

पहिल्या भागात चांगले खेळणारेच दुसऱ्या भागात अडकले. सवयीने दोन्ही हात वरच्याच्या गुडघ्याला लावून जागा करायला गेले आणि तोंड उघडं पडलं. काही जण सुटले, पण सुटल्यावर गार्डमध्ये (समोरच्याच्या दोन पायांच्या मध्ये) शिरून आरामात पास (ते पाय ओलांडून बाजूला जाणं) सुरू केला. दार त्यांच्या डोक्यातच नव्हतं. उलट ज्यांना स्पर्धेत गुण मिळत नव्हते असे दोन नवखे धडपडत का होईना, दारापर्यंत पोचले.

२७ जून

सोमवार-बुधवार स्पर्धा आणि शुक्रवारी स्वसंरक्षण, हे वेळापत्रक रद्द.

शुक्रवारी काय होत होतं ते सरळ लिहितो. मनगट धर, मी सोडवतो. मागून मिठी मार, मी सुटतो. समोरचा पडायला तयारच असतो. विरोध नाही, दमछाक नाही, आणि डाव खरंच चालतो की नाही हे कुणालाच कळत नाही. शिवाय शुक्रवारची गोष्ट सोमवारी कुणी वापरत नव्हतं. जिऊ-जित्सूची जमेची बाजूच ही आहे की पूर्ण ताकदीने विरोध करणाऱ्या माणसावर रोज डाव करून पाहता येतो. ती सोडली तर नुसता प्रयोग उरतो.

आजपासून दर संध्याकाळी एकच पोझिशन आणि तिचे दोन शेवट. एका शेवटात पोझिशन धरून ठेवायची आणि गुण घ्यायचे, दुसऱ्यात सुटायचं आणि निघायचं. ९० मिनिटांची वाटणी अशी: १२ मिनिटं वॉर्म-अप (श्रिंप म्हणजे पडून कंबर मागे सरकवणं, ब्रिज म्हणजे कंबर वर उचलणं, टेक्निकल स्टँड-अप म्हणजे एक हात मागे टेकून उठणं, आणि पडण्याचा सराव), २० मिनिटं तंत्र, १५ मिनिटं ठरावीक पोझिशनमधून वाढत्या विरोधाने, २५ मिनिटं राउंड, १० मिनिटं ग्लोव्हज घालून ‘दार’ (चाचणीच्या दुसऱ्या भागासारखं सुटून दाराला हात लावणं), शेवटची ८ मिनिटं मॅट पुसायला. ‘दार’ शेवटी ठेवलं कारण माणूस दमल्यावर त्याच्या सवयी उघड्या पडतात.

४ जुलै

पोझिशन माउंट, खालून सुटणं. ब्रिज करून उलटवणं सगळ्यांना येतं असं वाटतं, पण तीन ठिकाणी बिघडतं.

पहिली जागा टाचांची. टाचा ढुंगणापासून लांब राहिल्या तर कंबर वर जाते पण पुढे सरकत नाही. टाच हाताच्या बोटांना लागेल इतकी जवळ हवी. दुसरं म्हणजे दिशा. ब्रिज सरळ छताकडे मारला तर वरचा उडतो आणि परत जागेवर बसतो. तो खांद्यावरून, तिरका, स्वतःच्या कानामागे बघत मारायचा. तालमीतली पोरं डोक्यावर पूल करतात. त्यांची मान भक्कम असते म्हणून निभावतं, पण दिशा चुकतेच. तिसरं, हात आणि पाय एकाच बाजूचे अडकवायचे. हात धरला आणि त्याच बाजूचा पाय मोकळा राहिला, तर वरचा पाय टेकवून सावरतो.

फटके चालू असतील तर त्याआधी एक पायरी वाढते. कंबर झटक्यात उचलायची, म्हणजे तोल सावरायला वरच्याचे हात जमिनीवर येतात. त्याच क्षणी त्याच्या धडाला मिठी मारायची आणि कान त्याच्या छातीला चिकटवायचा. छातीला चिकटलेल्या डोक्यावर जोराचा फटका बसत नाही. मग हात-पाय अडकवून तिरका ब्रिज.

शेवट वेगळे आहेत. स्पर्धेत माउंटखालून उलटवल्याचे स्वीपचे (खालून उलटवून वर येण्याचे) २ गुण मिळत नाहीत, कारण स्वीप गार्डमधूनच सुरू व्हावा लागतो. म्हणून उलटवल्या उलटवल्या पाठ सरळ, कोपर आत, आणि पासचे ३ गुण मिळवायला लागायचं. ‘दार’मध्ये उलटवल्यावर त्याच्या गार्डमध्ये बसायचंच नाही. एक हात त्याच्या पोटावर, एक पाय टेकवायचा, उठायचं, दोन पावलं मागे आणि निघायचं.

१८ जुलै

मॅटवर नायटा आला. दोघांच्या मानेवर आणि एकाच्या कोपराच्या लवणीत गोल, लाल कडेचे चट्टे. यंदा पाऊस मे महिन्यातच लागला, गी दोन-दोन दिवस वाळत नाही, आणि ओलसर गीच परत अंगावर चढतो.

सगळ्यात नुकसान केलं ते औषधाच्या दुकानातून विचारून आणलेल्या मलमाने. स्टेरॉइड मिसळलेलं मलम लावलं की खाज आणि लाली लगेच कमी होते, पण बुरशी आत पसरते आणि पुढे साध्या औषधाला दाद देत नाही. त्वचारोगतज्ज्ञालाच दाखवायचं, आणि चट्टा दिसेनासा झाला तरी सांगितलेले दिवस पूर्ण करायचे. डॉक्टर हो म्हणेपर्यंत मॅटवर यायचं नाही. चट्ट्यावर टेप लावून रोल करणंही (सरावाची लढत खेळणंही) बंद.

मॅटसाठी ५ टक्क्यांचं सोडियम हायपोक्लोराइट, १ लिटर पाण्यात २० मिली. आधी साध्या पाण्याने धूळ आणि केस पुसायचे, नाहीतर घाणीवर द्रावण वाया जातं. मग द्रावण, १० मिनिटं ओलं ठेवायचं, शेवटी साध्या पाण्याचा हात. सांध्यांच्या दातांत घाण साचते, तिथे जुना टूथब्रश. महिन्याला साधारण ६०० रुपये. मॅटबाहेर चप्पल सक्तीची, संडासात अनवाणी कुणी गेलं तर पाय धुऊनच परत. गी दोन हवेत. एकच परवडत असेल तर पावसाळ्यात आठवड्यातले दोन दिवस रॅशगार्डवर (अंगाला चिकटणारा पातळ टी-शर्ट) नो-गी, म्हणजे गीशिवाय सराव करा. पातळ कापड पंख्याखाली रात्रीत वाळतं.

या सगळ्यात दोन आठवडे बॅच अर्धी होती.

१ ऑगस्ट

तालमीतून आलेल्यांसाठी स्वतंत्र नोंद, कारण महाराष्ट्रात अशी मुलं प्रत्येक बॅचमध्ये असणार. त्यांचा पट आणि पकड आमच्यापेक्षा सरस आहे, ते शिकवायची गरज नाही. बदलायच्या त्या तीन गोष्टी.

पट काढताना मान. कुस्तीत गळा आवळायला बंदी असल्याने डोकं बाहेरच्या बाजूला खाली राहिलं तरी चालून जातं. इथे समोरचा मानेभोवती हात घालून गिलोटिन लावतो, आणि पट जितक्या जोरात आत जातो तितका गळा घट्ट बसतो. एकेरी पटात डोकं आतल्या बाजूला, कपाळ त्याच्या बरगड्यांत रुतलेलं, नजर वर. दुहेरी पटात पाय उचलल्यावर लगेच कोन बदलून बाजूला निघायचं.

पाठ. आयुष्यभर चीत होण्याची धास्ती घेतलेला मल्ल खाली गेला की आपोआप पालथा वळतो. स्पर्धेत पालथं होण्याने गुण जात नाहीत, पण मागून दोन्ही हुक (मांड्यांच्या आत अडकवलेले पाय) बसून ३ सेकंद गेले की ४ गुण जातात आणि पाठोपाठ गळा. हॉलबाहेर तर पालथं पडणं सगळ्यात वाईट: फटका कुठून येतोय ते दिसत नाही, हात अंगाखाली अडकतात. आमचं सांगणं आता एकच, पाठ टेकू दे, बेंबी नको. पाठीवर, पण तिरकं, गुडघा आणि कोपर एकमेकांना लागलेले. ही सवय बोलून जात नाही. आम्ही साइड कंट्रोलखालून (समोरचा बाजूने छातीवर आडवा दाबून असताना) एक-एक मिनिटाच्या फेऱ्या लावल्या. पालथा झाला की फेरी पहिल्यापासून.

उचलून आपटणं. क्लोज्ड गार्डमध्ये (कंबरेभोवती पाय बांधलेल्या गार्डमध्ये) अडकलेला ताकदवान मल्ल समोरच्याला उचलतो. स्पर्धेत आपटलं तर थेट बाद. पण रस्त्यावरचा माणूस आपटणारच आहे, म्हणून हे दोघांनाही शिकवावं लागतं. त्याने उचलायला सुरुवात केली की त्याच्या एका पायाला आतून हात घालायचा, म्हणजे तो उभाच राहू शकत नाही. तोवर ढुंगण जमिनीवरून सुटलं असेल तर गार्ड लगेच उघडायचा. हवेत असताना पाय आवळून लटकणारा डोक्यावर पडतो.

१३ ऑगस्ट

गार्ड ओढणं, म्हणजे स्वतः खाली बसून समोरच्याला पायांत घेणं. स्पर्धेपुरतं ठेवलं, अटींसह. आधी बाही आणि कॉलरची पकड, मग बसणं. पकडीशिवाय बसलं की समोरचा चालत पास करतो. आपण बसताना त्याने आपली पँट धरलेली असेल आणि वर स्थिरावला, तर टेकडाउनचे (उभ्याने खाली पाडण्याचे) २ गुण त्याला जातात. व्हाइट बेल्टने उडी मारून क्लोज्ड गार्ड घेणं नियमबाह्य आहे, ते घोटवूच नका.

स्वसंरक्षणात स्वतःहून खाली बसायचं नाही, हे ठाम. त्याऐवजी क्लिंच, म्हणजे उभ्यानेच चिकटून पकडणं. ग्लोव्हजवाल्यासमोर दोनच अंतरं सुरक्षित: त्याचा पाय पोचणार नाही इतकं लांब, किंवा अंगाला चिकटून. मधल्या अंतरात उभं राहून पकड शोधणाऱ्याला फटके बसतात. आत शिरताना दोन्ही हात कपाळापुढे, कोपर पुढे, पहिल्या फटक्याच्या मागोमाग आत. कपाळ त्याच्या छातीवर, एक अंडरहूक (त्याच्या बगलेखालून घातलेला हात), मग कंबरेला मिठी आणि पाठीमागे जाणं. नवखे हात पुढे करतात पण पाय मागेच ठेवतात, त्यामुळे वाकतात आणि मान हाती देतात. पाय आधी आत गेला पाहिजे.

जोड्या लावताना वजन मुद्दाम विषम. ५० किलोच्या मुलीला ८० किलोच्या माणसाची मिठी कशी लागते हे समवजनी जोडीदाराकडून कळत नाही. फक्त जड माणसाने वजन टाकायचं, झटका मारायचा नाही.

२२ ऑगस्ट

आज तंत्र कमी, बोलणं जास्त.

मागून गळा नीट बसला तर साधारण १० सेकंदांत शुद्ध हरपते. हॉलमध्ये टॅप (हार मानल्याची थाप) असतो, स्पर्धेत पंच असतो. बाहेर दोन्ही नसतात आणि बेशुद्ध माणसाचा गळा आवळून धरणं जीवघेणं आहे. अंग सैल पडलं की सोडायचं, हे स्नायूंना माहीत हवं. भारतीय न्याय संहितेत खाजगी संरक्षणाचा हक्क कलम ३४ ते ४४ मध्ये आहे, आणि कलम ३७ सांगतं की बचावासाठी गरजेपेक्षा जास्त इजा करण्याचा हक्क कधीच नाही. म्हणून धरून ठेवायचं असेल तर आमची पसंती नी-ऑन-बेलीला. गुडघा पोटावर, दुसरा पाय लांब टेकलेला, डोकं वर. आजूबाजूचं दिसतं, ओरडून ११२ ला फोन करायला सांगता येतं, आणि दुसरा कुणी आला तर एका झटक्यात उठता येतं. स्पर्धेत याच पोझिशनचे २ गुण आहेत, तेव्हा घोटण्याचा वेळ वाया जात नाही.

चाकू दिसला तर जिऊ-जित्सू नाही, पळणं. माणसं दोन असली तरी जमिनीवर जायचं नाही.

२७ ऑगस्ट ते ६ सप्टेंबर

गणपतीत हॉल मंडळाकडे. स्पर्धा तोंडावर आणि मॅट गुंडाळलेल्या. गच्चीवर, बूट आणि जीन्स घालून, फेकणं पूर्ण वर्ज्य करून सराव केला. स्वसंरक्षणाच्या बाजूने सगळ्यात जास्त शिकवून गेले ते हेच दिवस.

मॅटवर श्रिंप घासत करता येतो. खरखरीत कोब्यावर शर्ट चिकटतो, कंबर सरकतच नाही आणि कोपराची सालं निघतात. तिथे कंबर आधी उचलून मग मागे ठेवावी लागते. टेक्निकल स्टँड-अपमध्ये मागे टेकलेला हात पूर्ण पंजाने ठेवला तर खडीने सोलतो. बोटं पसरून, तळव्याच्या टाचेवर वजन. घट्ट जीन्समध्ये मागचा पाय आतून ओढता येत नाही, म्हणून कंबर एरवीपेक्षा वीतभर जास्त उचलायची. पाठीवर सॅक असेल तर ब्रिज अर्धाच होतो. एक पट्टा खांद्यावरून काढून सॅक बाजूला ढकलायची, तेवढा वेळ कोपरांनी चेहरा झाकायचा. ओढणी गळ्यात असेल तर समोरच्याला आयतं कॉलर मिळतं. ओढणी ओढली गेली तर मागे खेचू नका, ओढणाऱ्याच्या दिशेने आत जा, गळ्यावरचा ताण सुटतो आणि क्लिंच मिळतो. पावसाने ओल्या चायना मोझॅकवर मात्र काहीच करू नका. एक जण नुसतं चालताना घसरला आणि मनगट मुरगळून आठ दिवस बसला.

१७ सप्टेंबर

स्पर्धेची कागदी बाजू. वजन गीसकट आणि लढतीच्या अगदी आधी होतं, भरलं नाही तर परत संधी नाही. पुरुषांत फेदर गट ७० किलोपर्यंत, लाइट गट ७६. महिलांत फेदर ५८.५, लाइट ६४. गी आणि पट्टा मिळून दीड ते दोन किलो धरा. ओला गी त्याहून जड, म्हणून स्पर्धेचा गी आधीच धुऊन कोरडा, पिशवीत बंद. पाणी तोडून वजन उतरवायला आम्ही मनाई केली, कारण वजनानंतर भरपाईला वेळच मिळत नाही.

गी गरम पाण्यात धुतल्याने दोघांच्या बाह्या आखडल्या. हात सरळ पुढे केल्यावर बाही मनगटापासून ५ सेंमीच्या आत हवी; एकाला उसना गी शोधावा लागला.

राउंड आता ५ मिनिटांचे, मध्ये १ मिनिट. शेवटचे दोन मुद्दाम वाकडे: ९० सेकंद शिल्लक, २ गुणांनी मागे.

६ ऑक्टोबर

काल स्पर्धा झाली. दोन पदकं, बाकीचे पहिल्या-दुसऱ्या फेरीत बाहेर. दुखापत नाही.

हरलेल्या लढतींचे व्हिडिओ आज सगळ्यांनी बघितले. कारण बहुतेक एकच, आणि ते आम्हीच पेरलेलं. स्वीप होतो, वर येतो, आणि खेळाडू उठून उभा राहतो. ‘दार’ची सवय. वर स्थिर ३ सेकंद झाले नाहीत तर २ गुण नाहीत, फक्त गुण बरोबरीत असतील तरच मोजला जाणारा अ‍ॅडव्हान्टेज. मल्लांचंही तसंच, सुरेख पट निघाला, पण खाली नेल्यावर पकड सैल, समोरचा उठला, गुण शून्य. एका लढतीत असे दोन पट वाया गेले आणि लढत एका अ‍ॅडव्हान्टेजने गेली.

म्हणजे दोन शेवट शिकवले, पण कोणता कधी याची खूण दिली नव्हती. ‘दार’च्या फेऱ्यांत ग्लोव्हज दिसतात, तेव्हा डोकं बदलतं, साध्या राउंडमध्ये खूणच नाही. आजपासून प्रत्येक स्पर्धेच्या राउंडमध्ये वर येणाऱ्याने मोठ्याने ‘एक-दोन-तीन’ मोजायचं, तीन झाल्याशिवाय हलायचं नाही. आणि प्रत्येक राउंडच्या मध्ये कधीतरी शिकवणारा अचानक ‘दार’ ओरडणार. ओरडलं की आहे त्या पोझिशनमधून सुटायचं आणि दाराला हात लावायचा.

१३ ऑक्टोबर

१३ जूनची चाचणी पुन्हा घेतली. ग्लोव्हजखाली आता जवळपास सगळे छातीला चिकटतात, हात गुडघ्याला जात नाहीत. वजनात मोठा फरक असेल तिथे अजून ६० सेकंद पुरत नाहीत. ब्रिजने इतकं जड अंग उलटत नाही. तिथे कोपर-गुडघा जोडून अर्ध्या गार्डमध्ये (वरच्याचा एकच पाय आपल्या पायांत अडकवून) येणं आधी शिकवायला हवं होतं. पुढच्या बॅचला ते पहिल्या महिन्यात.

एकदाच होणारा खर्च: मॅट ४३,५००, वाहतूक ३,२००, चौकट ४,८००, क्रॅश मॅट ९,०००, ग्लोव्हज ७,२००. एकूण ६७,७००. पैसे कमी असतील तर क्रॅश मॅट सोडा आणि फेकणं बंद ठेवा. चौकट आणि ग्लोव्हज सोडू नका.

दाराजवळच्या चार लाद्यांचे दात झिजलेत, धावत येऊन सगळे तिथेच पाय देतात. त्या आतल्या कोपऱ्यातल्या लाद्यांशी बदलल्या. दर तीन महिन्यांनी बदलायच्या.